दीड तासाचा लंबक

ख्रिस्तियान हायगेन्स दुबईला कधी आला नाही. हॉलंडमधला हा माणूस सतराव्या शतकात जगला, आणि त्या काळी दुबईला यायचं तर मोत्यांखेरीज दुसरं कारणही नव्हतं. पण आला असता तर त्याला फार हिंडावं लागलं नसतं, असं खाडीकाठी उभं राहिलं की मला हमखास वाटतं. बर दुबईच्या धक्क्यावर एक दिरहॅम देऊन तो अब्रात, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या नावेत, बसला असता, खिशातून दोऱ्यांना टांगलेले दोन गोळे काढले असते आणि काठावरच्या कुणा भल्या माणसाला हाक मारून म्हणाला असता, जरा इकडे बघता का? टकरींचे नियम शोधताना त्यानं नेमकं हेच दृश्य कल्पिलं होतं. कालव्यातून संथ चाललेली नाव, नावेत दोन गोळे टांगून उभा असलेला एक माणूस, आणि ती टक्कर काठावरून पाहणारा दुसरा. नावेतला म्हणतो, दोन्ही गोळे सारख्या वेगानं एकमेकांवर आले, आपटले आणि सारख्याच वेगानं माघारी गेले. नावेचा वेगही तेवढाच असला, तर काठावरचा म्हणतो, छे हो, एक गोळा जागच्या जागी उभा होता, दुसरा त्याच्यावर येऊन आदळला, आणि आता आदळणारा थांबलाय, उभा होता तो चाललाय. हायगेन्सचं म्हणणं असं की दोघंही खरं बोलतात, आणि नियम असा हवा की तो दोघांनाही पटेल.

या गोष्टीतला काठावरचा माणूस माझ्या फार ओळखीचा आहे. तो पुण्यात राहतो आणि आम्ही त्याला आत्या म्हणतो. आत्याच्या हिशेबी मी निघून गेलो आणि ती जागची हललेली नाही. मी इथून पाहतो, तर दर सुट्टीला पुणंच कुठल्या कुठे निघून गेलेलं असतं. वाड्याच्या जागी सात मजले आणि तळाशी पार्किंग, वाण्याच्या जागी मोबाइलचं दुकान, आणि आत्या त्या सगळ्याच्या मधोमध उभी राहून मला विचारते, "अरे, तू किती बदललास!" हायगेन्स आमच्या फोनवर मध्यस्थ म्हणून बसला असता तर म्हणाला असता, दोघांचंही बरोबर आहे, फक्त आवाज जरा कमी करा.

अब्रा धक्क्याला लागते तो क्षण मला नेहमी आवडत आलाय. मधोमध लाकडी बाक, त्यावर पाठीला पाठ लावून दोन्ही बाजूंना पाण्याकडे तोंड केलेली माणसं, खांद्याला खांदा लागलेला आणि नजरा मात्र आपापल्या दूरदेशी गेलेल्या. नावाडी इंजिन उलटं फिरवतो, अब्रा अंगचोरपणे कडेला सरकते आणि धक्क्याचं रबर तिला लागतं. पदार्थविज्ञानात याला अस्थितिस्थापक टक्कर म्हणतात, म्हणजे वेग कुठेतरी मुरतो, परत येत नाही. तो कुठे मुरतो ते अब्रात बसलेल्याला चांगलं कळतं. थोडा रबरात जातो, थोडा पाण्यात, आणि उरलेला ओळीनं बसलेल्या माणसांत. सगळे एका बाजूला कलतात, मग दुसऱ्या बाजूला, आणि क्षणभर असं वाटतं की एकमेकांची भाषा न समजणाऱ्या या मंडळींचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालंय. मग सगळे उठतात आणि मसाल्यांच्या बाजारात पांगतात.

ज्या टकरींत वेग मुरत नाही, किंवा फार थोडा मुरतो, त्या मी दुबईच्या देरा भागातल्या एका जुन्या इमारतीत शिकलो. शाळेत शिकवल्या होत्या, पण शिकलो इथे. तेव्हा मी 'बेडस्पेस'वर राहत असे. आखाताबाहेरच्या वाचकांसाठी सांगायचं तर भाड्यानं घर नाही, खोली नाही, खाट मिळते. लोखंडी खाटांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत रंगाचा रिकामा डबा ठेवलेला, डब्यावर कॅरम, आणि कॅरमवर छताच्या हुकातून लांब वायरीनं सोडलेला, पत्र्याची टोपी घातलेला दिवा. शुक्रवारी (तेव्हा सुट्टी शुक्रवारची असे, शनिवार-रविवार झाला तो २०२२ पासून) दुपारची नमाज आणि दुपारची झोप या दोहोंनंतर डाव मांडला जाई. मांडणारे म्हणजे खेडचे एक चाचा. आयुष्याची बरीच वर्षं त्यांनी बंदरावर काढली होती, आणि त्यांच्या बोटांत अशी एक सावध माया होती की स्ट्रायकरला वाटावं, आपल्याला टिचकी मारली नाही, नुसतं सुचवलं.

स्पर्धेच्या कॅरमचा पट ७४ सेंटिमीटरचा चौरस असतो, सोंगटीचं वजन पाच-साडेपाच ग्रॅम आणि स्ट्रायकरचं फार तर १५. म्हणजे स्ट्रायकर जवळजवळ तिप्पट जड. या तिप्पटीत सगळी गंमत आहे. दोन सारख्या वजनाच्या वस्तूंची समोरासमोर टक्कर झाली तर आदळणारी थांबते आणि उभी असलेली तिचा वेग घेऊन निघून जाते, अगदी वारसा हक्कानं. पण आदळणारी तिप्पट जड असेल तर ती थांबत नाही. टकरीत काही वाया गेलं नाही असं धरलं, तर सोंगटी स्ट्रायकरच्या दीडपट वेगानं पळते आणि स्ट्रायकर निम्म्या वेगानं तिच्या पाठोपाठ, लग्न झालेल्या मुलीला सोडायला थेट गाडीपर्यंत जाणाऱ्या बापासारखा. सोंगटी भोकात पडते, आणि बापही. मग दंड. मी तरुण होतो, जोर लावत असे. चाचा खोबरेल लावलेली मान हलवून म्हणत, "अरे बाबा, जोर सोंगटीला द्यायचा, स्ट्रायकरला नाय." या वाक्याचं गणित पुढे मी कागदावर मांडून पाहिलं. मांडता येतं. किंचित बाजूनं मारलं तर स्ट्रायकर भोकाची वाट सोडून तिरका जातो. चाचांनी कागदाला कधी हात लावला नव्हता.

त्या खोलीत डाव थांबायचा तो भांडणामुळे नव्हे, दिव्यामुळे. उत्साहाच्या भरात कुणी उठलं की डोकं पत्र्याच्या टोपीला लागे आणि दिवा हलू लागे. लगेच पटावरच्या प्रत्येक सोंगटीची सावली तिच्यापासून सुटून डावीकडे जाई, उजवीकडे जाई, राणीसुद्धा आपल्या सावलीला मुकल्यासारखी दिसे, आणि नेम कशावर धरायचा तेच कळेनासं होई. हातानं दिवा धरून थांबवणं सोपं होतं. पण टोपी तापलेली असे, आणि चाचांना ते पसंतही नव्हतं. "राहू दे, थांबेल आपला आपण," असं म्हणून ते पाठ टेकून बसत. मग सगळ्या खोलीला दिव्याकडे पाहण्याखेरीज काम उरत नसे. आधी मोठे झोके, मग लहान, मग इतके लहान की हलतोय की नाही यावर पैज लागावी. आणि त्या रिकाम्या वेळात एक गोष्ट कुणाच्याही लक्षात यावी अशी होती. झोका मोठा असो वा लहान, दिव्याला जाऊन यायला वेळ तेवढाच लागत होता.

हे लक्षात येण्याचं श्रेय मात्र गॅलिलिओला मिळालं. १५८३ साली, पिसाच्या कॅथीड्रलमध्ये प्रार्थनेकडे लक्ष न देता झुलत्या झुंबराकडे पाहत त्यानं स्वतःच्या नाडीवर झोके मोजले, अशी गोष्ट त्याचा शिष्य विव्हिआनी सांगून गेला आहे. आज तिथे जे झुंबर दाखवतात ते त्यानंतर काही वर्षांनी टांगलं गेलं, पण गोष्टीला असल्या तपशिलांचं ओझं होत नाही. अबू धाबीच्या शेख झायेद मशिदीत गेलो तेव्हा मला हीच गोष्ट आठवली होती. घुमटाखाली म्युनिकहून आणलेलं ते प्रचंड झुंबर, दहा मीटर रुंद, पंधरा मीटर उंच, बारा टन वजनाचं. मी खाली उभा राहून मान दुखेपर्यंत पाहिलं. हूं की चूं नाही. तरुण गॅलिलिओ इथे आला असता तर त्याला पूर्ण प्रार्थना ऐकावी लागली असती.

वेळ तेवढाच लागतो, हे खरं तर अगदी काटेकोर खरं नाही. झोका फार मोठा असेल तर किंचित जास्त लागतो. हे पुढे पक्कं करणारा माणूस म्हणजे पुन्हा आपला खाडीकाठचा पाहुणा. टकरी आणि लंबक, दोन्हींचा नाद एकाच माणसाला असावा हा मला सतराव्या शतकाचा सर्वांत लोभस योगायोग वाटतो. १६५६ मध्ये हायगेन्सनं लंबकाचं घड्याळ घडवलं आणि तोवर दिवसाला पंधरा मिनिटं चुकणारी घड्याळं एकदम पंधरा सेकंदांवर आली. मिनिटकाट्याला तेव्हा कुठे अर्थ आला. त्याआधी 'पाच मिनिटांत आलो' असं सांगण्याची सोयच नव्हती, म्हणजे उशिरा येण्याची मजाही अर्धीच असणार.

आमच्या पुण्याच्या घरी असं एक ठोक्यांचं घड्याळ होतं. आठवड्याला चावी, दर तासाला ठोके, काचेच्या दारामागे वीतभर लंबक. वाडा पडला, वाटण्या झाल्या, आणि कुणालाच नको असलेल्या वस्तू ज्याच्याकडे जातात त्याच्याकडे, म्हणजे सर्वांत लांब राहणाऱ्याकडे, ते आलं. आता ते आमच्या दुबईच्या फ्लॅटमध्ये दिवाणखान्याच्या भिंतीवर असतं. शेजाऱ्यांना ठोक्यांचा त्रास होऊ नये म्हणून रात्री त्याच्यावर पंचा टाकतो, पोपटाच्या पिंजऱ्यावर टाकावा तसा. त्याची टिकटिक ऐकत पडलं की देराच्या खोलीतला कॅरम आठवतो, आणि याला कारण आहे. घड्याळाची टिक म्हणजे टक्करच असते. आत एक दातेरी चाक असतं, मुख्य कमान त्याला सारखी पुढे रेटत असते, आणि लंबकाला जोडलेली नांगराच्या आकाराची पट्टी त्याला अडवून धरते. लंबक झुलला की पट्टीचं एक टोक वर होतं, एक दात निसटतो, निसटता निसटता लंबकाला हलकासा टोला देतो, आणि लगेच दुसरा दात दुसऱ्या टोकावर जाऊन आपटतो. हे आपटणं आपण ऐकतो. दिवसाकाठी अशा पावणेदोन लाखांच्या वर टकरी होतात. त्या थांबल्या तर लंबक देराच्या दिव्यासारखा, थांबेल आपला आपण. चाचांची टिचकी आणि या दाताचा टोला एकाच घराण्यातले. जोर लावला तर दोन्ही बिघडवतात.

तर हे घड्याळ दुबईत आल्यापासून पुढे पळायला लागलं. त्यात नवल नव्हतं, नवल होतं ते अपेक्षित होतं यात. १६७२ साली जाँ रिशे नावाचा फ्रेंच खगोलवेत्ता पॅरिसचं घड्याळ घेऊन विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला आणि तिथे ते दिवसाला अडीच मिनिटं मागे पडू लागलं. परदेशात जाऊन बिघडलेलं, कागदोपत्री नोंद असलेलं ते पहिलं घड्याळ असावं. बिघडलं नव्हतंच. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे आणि तिथे तिचं फिरणंही जोरात आहे, म्हणून तिथे ओढ कमी, झोका सावकाश. आमच्या घड्याळानं उलटा प्रवास केला. पुणं विषुववृत्ताला जवळ, शिवाय समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंच. दुबई उत्तरेला आणि थेट पाण्याच्या काठी. इथे पृथ्वी माणसाला नि लंबकाला पुण्यापेक्षा थोडी जास्त जवळ ओढते. किती जास्त? साठ किलोच्या माणसाचं वजन स्प्रिंगच्या काट्यावर छत्तीसेक ग्रॅमनी वाढावं इतकी. आखातात आलेल्यांची जी वजनं वाढतात त्यातला एवढा भाग गुरुत्वाकर्षणाच्या नावे टाकावा, बाकीच्याचा जाब शावरमावाल्याला विचारावा.

एवढ्याशा जास्त ओढीमुळे पुण्यात बरोबर चालणारं लंबकाचं घड्याळ दुबईत दिवसाला सुमारे पंचवीस सेकंद पुढे जातं. एका रविवारी कागद घेऊन हा हिशेब करत बसलो होतो, आणि करता करता एक भलतंच उत्तर हाती लागलं. दुबईची वेळ भारतापेक्षा दीड तास मागे. दीड तास म्हणजे ५४०० सेकंद. पंचवीस-सव्वीस सेकंद रोज या गतीनं हे अंतर भरून यायला सात महिने लागतात. म्हणजे पुण्याहून आणलेलं घड्याळ इथल्या वेळेला लावा, आठवड्याची चावी तेवढी देत राहा, काट्यांना हात लावू नका. सात महिन्यांनी ते आपसूक पुण्याची वेळ दाखवू लागेल. कुणी सांगायला नको, कुणी फोन करायला नको.

मी लगेच आत्याला फोन केला. तिथे रात्रीचे साडेदहा झाले होते हे विसरून. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आणि सात महिन्यांनंतर?" मी म्हटलं, नंतर ते आणखी पुढे जाईल, रंगूनच्या वेळेला, मग बँकॉकच्या. "म्हणजे थांबणार नाही तर," आत्या म्हणाली, "तुझ्या आजोबांचंच घड्याळ ते. ते रोज रेडिओच्या बातम्यांना मिळवायचे, म्हणून ते कधी बरोबर होतं का, हे आमच्या घरात कुणाला माहीतच नाही." एवढं बोलून तिनं फोन ठेवला. गुरुत्वाकर्षण मांडणाऱ्या न्यूटनला पुण्यात आत्या नव्हती म्हणून त्याचं निभावलं.

आत्याचा मुद्दा मला मान्य करावा लागतो. इतक्या जुन्या घड्याळाचे स्वतःचे लहरी स्वभाव असतात. चावी दिल्यावर ते हुरूपानं चालतं, आठवड्याच्या शेवटी रेंगाळतं. ऑगस्टमध्ये वातानुकूलन बंद करून सुट्टीवर गेलं तर लंबकाची दांडी उन्हाळ्यानं लांबते आणि ते मागे पडतं. या सगळ्या गोंधळात गुरुत्वाकर्षणाचे पंचवीस सेकंद वेगळे काढून दाखवणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत एकाच पाहुण्याचा आवाज ओळखण्यासारखं. पण तो पाहुणा तिथे असतो, हे नक्की.

हायगेन्सची आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. १६६५ मध्ये तो आजारी पडून अंथरुणाला खिळला होता. समोर एकाच तुळईला टांगलेली त्याची दोन घड्याळं. पडल्या पडल्या त्याच्या लक्षात आलं की दोन्हींचे लंबक एका तालात झुलताहेत, पण उलट दिशांनी. एक डावीकडे तेव्हा दुसरा नेमका उजवीकडे. मुद्दाम ताल बिघडवला तरी अर्ध्या तासात पुन्हा तसंच. तुळईतून एकमेकांचे अगदी बारीक हादरे एकमेकांना पोचत होते, एवढंच. इथे जून संपला की शाळांना सुट्ट्या लागतात, बायकामुलं पुण्या-मुंबईला, कोकणात निघून जातात आणि नवरे मंडळी दोन महिने रिकाम्या घरांत खिचडी लावून बसतात. सप्टेंबरला सगळं उलटं. विमानतळावर गर्दीत उभा राहून हे येणं-जाणं पाहताना मला त्या तुळईचा विचार येतो. इकडे दहा वाजले की तिकडे साडेअकरा, आणि तरी रात्रीचा फोन रोज त्याच वेळी वाजतो.

लंबकाला पृथ्वीच्या फिरण्याचीही बातमी असते. फुकोनं १८५१ मध्ये पॅरिसच्या पॅन्थिऑनमध्ये ६७ मीटर लांब तारेला २८ किलोचा गोळा टांगून लोकांना ते दाखवलं, आणि पुण्यात आयुकाच्या आवारात असा लंबक मी स्वतः बघितला आहे. झोक्याची दिशा हळूहळू वळत जाते. वळतो तो लंबक नाही, खालची जमीन. ही एक फेरी पुरी व्हायला पुण्याच्या अक्षांशावर ७५ तास लागतात, दुबईच्या अक्षांशावर ५६. पॅरिसला तर ३२ पुरतात. म्हणजे एका फेरीमागे दुबई पुण्याच्या पुढे पाऊण दिवसानं. पुण्यात दुपारच्या झोपेचा वेळ त्यात धरलेला असावा असा मला संशय आहे.

घड्याळ आता पुरेसं बरोबर चालतं. लंबकाच्या गोळ्याखाली एक बारीक चाकी असते, ती फिरवून गोळा खाली घेता येतो. वीतभर लंबकाला पुण्याची सवय सोडवून दुबईची लावायची तर गोळा ०.१४ मिलिमीटर खाली आणावा लागतो. दोन केसांइतकं अंतर. मी ते घेतलं, काट्यांना इथली वेळ दिली, आणि आत्याला कळवलं नाही.

तुमच्याही घरी असं घड्याळ असेल, वाटणीत आलं असेल आणि ते आखातात आणायचं मनात असेल, तर अवश्य आणा. लंबक मात्र आधी सोडवून घ्या, जुन्या सुती साडीत गुंडाळा आणि हातातल्या सामानात ठेवा. तपासणीला विचारतील, घड्याळाचा आहे म्हणून सांगा, ते हसून सोडतात. भिंतीवर लावताना पट्टी लावून सरळ लावू नका, कानानं लावा. एक टिक नि पुढची टिक यांतलं अंतर सारखं ऐकू येईस्तोवर हळूहळू एका बाजूला सरकवत राहा. गोळा लगेच खाली घेऊ नका. आधी सात महिने तसंच चालू द्या.